स्लीप स्टडीची एक रात्र आणि तिच्याआधीचा पाऊण तास : सोलापुरातील एका निद्राकेंद्राविषयी

एकाच घरातील दोन रुग्ण घेऊन आम्ही सोलापुरातील एका खासगी निद्राकेंद्रात गेलो. त्यांपैकी एकाची रात्रभराची झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, त्यांनी केली आणि दुसऱ्याची करायला स्पष्ट नकार दिला. हा अभिप्राय बराचसा त्या नकाराविषयी आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि त्या एका कुटुंबाच्या अनुभवावर उभ्या आहेत. परंतु झोपेत चालणे, ओरडणे, हातपाय झाडणे अशा तक्रारींसाठी नेमके काय तपासायचे असते, हे ठाऊक नसल्याने आमचे पैसे आणि चार महिने वाया गेले. तसे इतर कोणाचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितो.

आमची थोरली मुलगी ११ वर्षांची आहे. दीड वर्षापासून ती रात्री झोपेतून उठून चालू लागली. डोळे उघडे, चेहरा कोरा, हाक मारली तर अर्धवट काहीतरी पुटपुटणार, आणि पावले ठरल्यासारखी स्वयंपाकघराकडे. एकदा तिने नळाखाली कळशी लावली आणि कोरड्या नळासमोर पाच मिनिटे उभी राहिली. सकाळी विचारले तर तिला काहीही आठवत नव्हते आणि आपण थट्टा करतो आहोत असेच तिला वाटले. जुळे सोलापुरात आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येते आणि पुष्कळदा अवेळी येते, त्यामुळे पाण्याच्या रात्री घरातील सगळेच उठतात. कळशीचे मूळ तिथेच आहे हे आम्हाला तेव्हा सुचले नाही. शेजारच्या आजींनी बाहेरचे काही असेल म्हणून सुचवले, एका नातेवाइकांनी अभ्यासाचा ताण म्हटले, आणि घरातले सर्वमान्य मत असे की हे आजोबांचेच नातीत उतरले आहे, कारण माझे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, गेली चार वर्षे झोपेत ओरडतात आणि हात उगारतात.

आधी आम्ही गेलो ते दुसऱ्याच एका ठिकाणी. तिथे पाच मिनिटांत ऐकून घेऊन ‘घरच्या घरी स्लीप टेस्ट’ सुचवण्यात आली. ४,५०० रुपये भरले, एक माणूस संध्याकाळी येऊन पोरीच्या छातीला पट्टा, नाकाला नळी आणि बोटाला चिमटा लावून गेला. त्या रात्री ती उठली नाही. तीन दिवसांनी एका पानाचा अहवाल आला आणि त्यावर ‘सर्व सामान्य’ असा शेरा होता. पुढच्याच आठवड्यात ती दाराची कडी काढून जिन्यापर्यंत गेली.

निद्राकेंद्रातील डॉक्टरांनी तो अहवाल पाहिला आणि कोणालाही दोष न देता एवढेच सांगितले की, हे यंत्र श्वास मोजते, झोप मोजत नाही. घरी लावतात त्या साध्या यंत्रात मेंदूच्या लहरी टिपणारे इलेक्ट्रोड नसतात, त्यामुळे माणूस जागा आहे, गाढ झोपेत आहे की स्वप्नाच्या झोपेत आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. घोरणाऱ्या आणि श्वास अडणाऱ्या प्रौढ माणसासाठी ते उपयोगाचे आहे. चालणाऱ्या मुलीच्या बाबतीत मात्र ‘सामान्य’ या शब्दाचा अर्थ त्या एका रात्री श्वास नीट चालला होता, याहून अधिक नव्हता. हे वाक्य पहिल्या ठिकाणी पैसे भरण्याआधी कोणी उच्चारले असते तर बरे झाले असते.

त्यानंतरचा पाऊण तास हा या केंद्राच्या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग होता आणि त्यात एकही यंत्र नव्हते. डॉक्टरांनी केवळ विचारले. ती किती वाजता झोपते आणि झोपल्यावर किती वेळाने उठते? रात्रीतून एकदाच, की अनेकदा? किती मिनिटे चालते? प्रत्येक वेळी तेच करते, की वेगवेगळे? डोळे उघडे असतात का? घोरते का, तोंडाने श्वास घेते का, टॉन्सिल कधी दाखवले आहेत का? अंथरूण ओले होते का? संध्याकाळी पाय चाळवते का? कुठली औषधे चालू आहेत? ताप आला की प्रकार वाढतो का? मग त्यांनी मला, तिच्या आईला आणि नंतर मुलीला एकटीलाही वेगवेगळे विचारले, आणि उत्तरे जुळत नव्हती तिथे डॉक्टरबाई थांबल्या. माझ्या मते ती मध्यरात्री कधीतरी उठायची. पत्नीने मात्र ठामपणे सांगितले की साडेदहाला झोपली की पावणेबारा-बाराच्या सुमारास, पहाटे कधीच नाही.

निदान या वेळेवरच पुष्कळसे उभे असते. गाढ झोप, जिला तांत्रिक भाषेत एन-थ्री म्हणतात, ती रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात सर्वाधिक असते, आणि मुलांमध्ये ती प्रौढांपेक्षा फार खोल असते. या झोपेतून मेंदू अर्धाच जागा होतो. चालण्याचा, कडी काढण्याचा भाग उठतो, परंतु भान आणि आठवण ठेवणारा भाग झोपूनच राहतो. झोपेत चालणे, किंकाळी फोडून उठणे, आणि उठून बसून गोंधळल्यासारखे पाहत राहणे ही एकाच घरातली भावंडे आहेत. डॉक्टरांनी सांगितले की अशा मुलांपैकी बहुतेकांचे चालणे मोठेपणी आपोआप थांबते, आणि झोपेत चालणाऱ्याला जागे केले तर त्याला वेड लागते किंवा जीव जातो, या समजुतीत तथ्य नाही. फक्त दचकून ते गोंधळतात, कधी हात उगारतात, म्हणून खांद्याला धरून हळूच अंथरुणाकडे वळवावे, हे बरे.

पत्नीने एकदा मोबाइलवर ४० सेकंदांचे चित्रीकरण केले होते, तेही आम्ही दाखवले. ते त्यांनी तीनदा पाहिले. ही फिट तर नाही ना, याची त्यांना खात्री करायची होती. मेंदूच्या पुढच्या भागातून उठणाऱ्या काही आकड्या केवळ झोपेतच येतात आणि वरवर पाहता झोपेत उठण्यासारख्या दिसतात. पण त्या बहुधा दोन मिनिटांच्या आत संपतात, एका रात्री अनेकदा येऊ शकतात, रात्रीच्या कुठल्याही प्रहरी येतात, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक वेळी हालचाल तीच असते, तबकडीवर सुई पुन्हा ठेवल्यासारखी. आमची मुलगी एकदा नळाकडे, एकदा दप्तराकडे, एकदा जिन्याकडे गेली होती, पाच-दहा मिनिटे फिरली होती, आणि एका रात्री दोनदा कधीच उठली नव्हती. शंका उरली असती तर चित्रीकरणासह रात्रभराचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, करावा लागला असता, आणि दिवसा काढलेला साधा ईईजी अशा आकड्यांत निर्दोषही येऊ शकतो, हेही त्यांनी सांगून ठेवले.

मी तपासणीचे पैसे भरायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी सांगितले की मुलीला स्लीप स्टडीची गरज नाही. वय, वेळ, वर्णन आणि चित्रीकरण जुळते आहे, धोकादायक काही दिसत नाही, आणि एका रात्रीसाठी परक्या खोलीत तारा लावून झोपवले तर ती उठेलच असे नाही. १२,००० रुपयांचे गिऱ्हाईक समोर बसलेले असताना ते परत पाठवणे हे मी सोलापुरात, किंबहुना कुठेही, फारसे पाहिलेले नाही.

त्याऐवजी त्यांनी एक वही घालायला सांगितली: झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ, चालल्याची वेळ, ताप वा आजार, आणि त्यांच्याच सूचनेने एक वेगळा रकाना, ‘पाणी आले का’. पाच आठवड्यांच्या वहीत मुलगी सात वेळा उठल्याची नोंद झाली, आणि त्यांतल्या पाच नोंदी पाणी आलेल्या रात्रीच्या पुढच्या रात्रीच्या होत्या. आदल्या रात्री दोनला उठून कळश्या भरायच्या, सकाळची शाळा म्हणून साडेपाचला पुन्हा उठायचे, आणि दुसऱ्या रात्री थकलेला मेंदू अधिक खोल झोपेत जायचा, जिथून अर्धवट उठणे अधिक सोपे असते. अपुरी झोप हे या विकाराचे सर्वांत मोठे निमित्त आहे, असे त्या पहिल्या भेटीतच म्हणाल्या होत्या. आम्हाला ते आमच्याच नळाने सिद्ध करून दाखवले. आता पाण्याच्या रात्री मुलीला उठवत नाही, ते काम माझ्याकडे आले आहे. संध्याकाळी पाय चाळवण्याची तक्रार होती म्हणून रक्तातील फेरीटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा घटक, तपासले, ते कमी निघाले आणि लोहाचे औषध सुरू झाले. तसेच ती ज्या वेळेला उठते त्याच्या १५-२० मिनिटे आधी रोज हलकेच जागे करून पुन्हा झोपवायचे, असा सुमारे महिनाभराचा उपाय दिला.

शेवटी त्यांनी विचारलेला एक प्रश्न मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांना सुचला असता की नाही, मला शंका आहे: “उन्हाळ्यात गच्चीवर झोपता का?” एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात गेला की आमच्याकडे गाद्या गच्चीवर जातात, यात विशेष काही आहे असे आम्हाला कधी वाटलेच नव्हते. आमच्या गच्चीचा कठडा गुडघ्याच्या थोडा वर येतो. त्यावर एकही तज्ज्ञ शब्द न वापरता त्या म्हणाल्या, “मुलीला खालीच झोपवा, कितीही उकडले तरी.” त्या दिवशी घरी येऊन मी तो कठडा प्रथमच नीट पाहिला.

आता आबांविषयी. घराण्याचा इतिहास विचारताना डॉक्टरांनी आई-वडिलांचे बालपण विचारले. कॅनडातील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात असे आढळले होते की, आईवडिलांपैकी कोणीच लहानपणी झोपेत चालत नसेल तर सुमारे २२ टक्के मुले कधी ना कधी चालतात, एक चालत असेल तर सुमारे ४७ टक्के, आणि दोघेही चालत असतील तर सुमारे ६१ टक्के. मी लगेच आबांचे नाव घेतले, तेवढ्यात माझी आई म्हणाली, “ह्यांचं नाही वो, ह्याचंच. हा पण परसात जाऊन उभारायचा की, सातवीत असेस्तोवर.” मला त्यातले अर्थातच काही आठवत नाही. म्हणजे पोरीकडे आले ते माझ्याकडून, आणि आबांचे प्रकरण निराळेच होते.

डॉक्टरांनी तिथेच आबांकडे मोर्चा वळवला. हे ७१ वर्षांचे, यांचा प्रकार साठीनंतर सुरू झालेला, वेळ पहाटे तीन-चारची, डोळे मिटलेले, अंथरूण सोडून चालत नाहीत पण लाथा-बुक्क्या मारतात, आणि हलवून उठवले की लगेच जागे होऊन स्वप्न सांगतात. कधी कुत्री अंगावर आलेली असतात, कधी मिलमधली मारामारी. एका रात्री तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला उंच काठीचा नंदीध्वज कलू लागला होता आणि तो सावरताना त्यांचे कोपर आईच्या डोळ्याखाली लागले. तरुणपणी त्यांनी तो उचलला आहे. मुलीची एक एक खूण उलटी करून ठेवावी, तसे हे वर्णन होते. स्वप्नाच्या झोपेत, म्हणजे आरईएम झोपेत, श्वासाचा पडदा आणि डोळ्यांचे स्नायू वगळता शरीर लुळे ठेवलेले असते, म्हणून आपण स्वप्नात धावतो तरी अंथरुणातच राहतो. हे कुलूप निसटले की स्वप्न हातापायांत उतरते. अमेरिकेत मिनेसोटा येथील शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ मध्ये माणसांतील हा विकार प्रथम स्वतंत्रपणे मांडला; त्याला आरईएम स्लीप बिहेव्हियर डिसऑर्डर म्हणतात. याचे पक्के निदान ऐकीव वर्णनावर होत नाही, आणि गंभीर स्लीप ॲप्नियातही, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या विकारातही, माणूस असाच हातपाय झाडू शकतो, म्हणून आबांना मात्र रात्रभराची तपासणी हवीच, असे त्यांनी सांगितले.

तपासणीची रात्र मी त्यांच्यासोबत होतो. रात्री नऊला तंत्रज्ञ तरुणाने डोक्यावर फीत ताणून मापे घेतली, पेन्सिलीने खुणा केल्या, टाळू घासून पांढऱ्या चिकट लेपाने एकेक तार बसवली. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली, नडग्यांवर, छातीवर तारा, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा, छतावर अंधारात दिसणारा कॅमेरा. या तपासणीत हातांवरही तारा लावाव्यात असे डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिले होते, ते त्याने दोनदा वाचून पाहिले. मग तो शेजारच्या खोलीत गेला आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना येऊ लागल्या: “आबा, मान न हलवता डावीकडे बघा. उजवीकडे. आता डोळे मिचकवा. दात आवळा. घोरल्यासारखं करा.” आबांनी इतके मनापासून घोरून दाखवले की मला हसू आवरेना. हा तरुण पूर्व भागातील तेलुगू घरचा. आबांची हयात मिलमध्ये पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, जोडीदारांबरोबर गेली, त्यामुळे दोघांचे अर्ध्या तेलुगूत जे जमले, त्याने आबांची भीती अर्धी उतरली.

अहवालाच्या भेटीत डॉक्टरांनी संगणकावर रात्रीचे तुकडे उघडून दाखवले. एका पडद्यावर ३० सेकंदांची झोप. पहाटे ४ वाजून १० मिनिटांच्या पडद्यावर डोळ्यांच्या रेषा झपाझप हलत होत्या, म्हणजे स्वप्न चालू होते, आणि हनुवटीची रेषा, जी तिथे सपाट पडायला हवी, ती दाट खरखरीत होती. बाजूच्या चित्रात आबांचा उजवा हात हवेत काहीतरी धरत होता. श्वास तासाला ९ वेळा अडत होता. ५ च्या आत असले तर ते सामान्य धरतात, १५ च्या आत सौम्य आणि ३० च्या वर तीव्र, तेव्हा एवढ्याने हे घडत नसणार, हेही कळले. आबांनी बराच वेळ त्या रेषांकडे पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे ताणा सैल पडायच्या जागी ताठच राहिलाय म्हणा की.” डॉक्टर बार्शीकडच्या असाव्यात, विणकामाशी त्यांचा संबंध नसावा, पण त्यांनी पेन खाली ठेवून, ताणा म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, हे आबांना विचारून घेतले.

पुढचे बोलणे अवघड होते आणि ते त्यांनी टाळले नाही. हा विकार पुष्कळ वेळा पार्किन्सन किंवा त्या जातीच्या मेंदूविकारांची आगाऊ वर्दी असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,२८० रुग्णांच्या पाहणीत दरवर्षी सुमारे ६ टक्के जणांत असा विकार प्रकट होत गेला. त्यांनी आबांना चालवून पाहिले, बोटे उघडझाप करायला लावली, बद्धकोष्ठ विचारले, आणि शेंगाचटणीतल्या लसणाचा वास येतो का, हेही विचारले. वास दोन-तीन वर्षांपासून येत नाही, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हते. जेवण बेचव लागते, एवढीच आबांची कुरकुर असायची. सध्या पार्किन्सनची लक्षणे नाहीत, दर सहा महिन्यांनी तपासत राहायचे, आणि आजच्या घडीला तो विकार रोखणारे औषध नाही, हे त्यांनी आबांना विचारूनच, आबांसमोर सांगितले. काही नैराश्याच्या गोळ्यांनीही हा प्रकार उद्भवतो, म्हणून औषधांची पिशवी उलटी करून पाहिली; त्यात तसे काही नव्हते. झोपेचे संप्रेरक असलेले मेलाटोनिन अल्प मात्रेपासून सुरू केले, क्लोनाझेपाम हे गुंगी आणणारे औषध मात्र श्वासाचा थोडा दोष आहे म्हणून राखून ठेवले. लोखंडी कॉट गेली, गादी जमिनीवर आली, उशाचा तांब्या हलला आणि आई दुसऱ्या खोलीत झोपू लागली.

आता तक्रारी. ठरलेल्या वेळेनंतर पहिल्या भेटीला अडीच तास बसावे लागले. संमतिपत्र संपूर्ण इंग्रजीत होते. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या या शहरात ७१ वर्षांच्या गिरणी कामगाराने सही कशावर करायची, हा प्रश्न मी विचारला, तर ‘नंतर सांगतो’ असे उत्तर मिळाले. तपासणीच्या खोलीला जोडून स्वच्छतागृह नाही, त्यामुळे आबांना रात्री दोनदा तारांचा जुडगा हातात घेऊन बोळातून जावे लागले, आणि प्रोस्टेटच्या वयातल्या रुग्णांसाठीच बहुधा ही खोली असताना हे अक्षम्य आहे. वातानुकूलन फार गार होते. आबांनी मागितली म्हणून घरची सोलापुरी चादर नेली होती, तीच कामी आली. डोक्यातला लेप निघायला तीन वेळा गरम पाणी लागले. अहवालाला चार दिवस सांगून नऊ दिवस लावले. पावतीवर १२,००० रुपयांचा एकच आकडा होता, त्यात काय काय आले हे लिहिलेले नव्हते.

ज्यांच्या घरी मूल झोपेच्या पहिल्या काही तासांत उठून चालते, त्यांनी तिथे जाण्याआधी दोन-तीन चित्रीकरणे आणि महिन्याची वही घेऊन जावे, कदाचित तपासणीचा खर्चच वाचेल. ज्यांच्या घरचे वडीलधारे पहाटे स्वप्नात मारामारी करतात, त्यांनी पूर्ण तपासणीच करावी आणि हातांच्या तारांविषयी आधीच विचारावे. एखादे मूल एका रात्री चार-चारदा तेच तेच करून उठत असेल, किंवा झोपेची गोळी चालू झाल्यावर कोणी प्रथमच चालू लागले असेल, तर वही वगैरे नंतर, आधी डॉक्टर. झोल्पिडेमसारख्या गोळ्यांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये याच कारणासाठी ठळक इशारा छापायला लावला आहे.

मुलगी गेल्या तीन महिन्यांत दोनदाच उठली. तिच्या खोलीच्या दाराला पत्नीने बैलाच्या गळ्यातली जुनी घुंगरांची माळ बांधली आहे, तिने दोन्ही वेळा आम्हाला उठवले. आबांच्या लाथा कमी झाल्या आहेत, थांबलेल्या नाहीत. सहा महिन्यांनी दाखवताना लागेल म्हणून त्या रात्रीच्या चित्रीकरणाची प्रत मी मागितली आहे. स्वागतकक्षात तीनदा नाव लिहून दिले, पेनड्राइव्हही माझाच ठेवून घेतला, तो अजून तिथेच आहे.